पोचा, ओरखडा आणि आपण

मंडळी, आज विषय जरा वेगळा आहे. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त बाईने गाडीच्या पत्र्यावर काय लिहावं, असं आमची भाचेमंडळी म्हणतीलच. म्हणू देत! गाडी आता घरोघरी आली आहे, आणि जी वस्तू घरात येते तिच्यावरून होणाऱ्या रागालोभाबद्दल बोलायचा बायकांना पूर्ण अधिकार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. गाडीवरचा प्रत्येक ओरखडा दुरुस्त करायची गरज नसते. पण काही ओरखडे एक पावसाळाही तसेच ठेवू नयेत. कुठला ओरखडा कुठल्या जातीचा हे ओळखता आलं तर पैसे वाचतात, एका कारागिराला काम मिळतं आणि घरातली नि रस्त्यावरची बरीचशी भांडणं टळतात. शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, पण तिच्याकडे सावकाश येऊ.

आपल्या भाषेत या नुकसानीला किती शब्द आहेत बघा. पत्रा आत गेला तर पोचा. वरवर घासलं गेलं तर खरचटलं. रेघ उमटली तर ओरखडा. रेघ खोल गेली तर चरा. रंगाचा तुकडा निघाला तर टवका उडाला किंवा पोपडा निघाला. आज आपण हे सगळं "डेंट" आणि "स्क्रॅच" या दोन शब्दांत कोंबतो, आणि शब्द दोनच उरले म्हणून उपायही एकच उरला. "पॅनल पेंट करून टाका!"

पोचा हा शब्द मुळात आपल्या स्वयंपाकघरातला. लहानपणी धुळ्याला आमच्या घरी पितळी हंडे, तांब्याचे गुंड, घंगाळी होती. विहिरीच्या काठावर, नळाच्या ओट्यावर आपटून त्यांना पोचे पडायचे. वर्षातून एकदा तांबटाकडे नेलं की तो आतून ठोकळा धरून बाहेरून ठोके घालायचा आणि हंडा पुन्हा गोल व्हायचा. कल्हईवाला दारात यायचा, भाता लावायचा, नवसागराचा धूर व्हायचा आणि पातेलं आतून चांदीसारखं चमकायचं. हंड्याला पोचा पडला म्हणून त्या बाईला कुणी चार दिवस बोलत बसलेलं मला आठवत नाही. वापरातली वस्तू आहे, लागणारच, असं धरलेलं असायचं. पुढे स्टील आलं. ते ठोकून घ्यायची पद्धतच नव्हती. पोचा पडलेला डबा मोडीत द्यायचा नि नवा घ्यायचा. दुरुस्तीची सवय आपल्या घरातून गेली ती तिथून, असं मला वाटतं.

गाड्यांचंही काहीसं असंच झालं. आमच्या तरुणपणी गाडी म्हणजे एकतर अँबॅसडर किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातून येणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी. गावात डॉक्टरांकडे एक, वकिलांकडे एक आणि एखाद्या जिनिंगवाल्याकडे एक. पत्रा जाड. हातोडीने ठोकून सरळ व्हायचा आणि त्यावर रंगाचा हात दिला की झालं. मग डिसेंबर १९८३ मधे मारुती ८०० आली. पत्रा पातळ, गाडी हलकी. "डब्बा आहे हो" म्हणून तिला नावं ठेवणारे पुढे त्याच गाडीसाठी रांगेत उभे राहिले. २०१४ साली अँबॅसडर आणि मारुती ८०० या दोन्ही गाड्या तयार होणं बंद झालं. आजच्या गाडीचा बाहेरचा पत्रा साधारणपणे एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. पुढचा-मागचा बंपर तर पत्र्याचा नसतोच, प्लॅस्टिकचा असतो. पण पातळ म्हणजे कच्चा नव्हे. धडक बसली तर पुढचा भाग चेपून धक्का स्वतःवर घेतो, आतल्या माणसापर्यंत कमी पोचू देतो. तेव्हा "जुन्या गाड्या किती मजबूत" हे पालुपद आता पुरे करावं. गाडी मजबूत राहून आतला माणूस मोडला तर काय उपयोग?

आपली एस.टी. मात्र या बाबतीत सगळ्यांची गुरू. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली बस गेली. तेव्हापासून लाल गाडीने किती पोचे अंगावर घेतले असतील याची गणती नाही. महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांमधे बसचे सांगाडे बांधले गेले, जुन्या बसगाड्यांना नवे पत्रे चढले. पत्रा ठोकून, रिबिट मारून गाडी पुन्हा मार्गावर. मी चाळीसगाव, पारोळा, साक्री अशा सगळ्या रस्त्यांनी एस.टी.ने नोकरी केली. पोचा असलेली गाडी उशिरा पोचते असं काही कधी झालं नाही.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, मी विज्ञान शिकवत नव्हते, त्यामुळे सोपंच सांगेन.

गाडीवर जो रंग दिसतो तो एक थर नसतो. पत्र्याला आधी रासायनिक प्रक्रिया करतात, मग गाडीचा सांगाडा हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकरचा थर, ज्याला क्लियर कोट म्हणतात. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग किंवा थोडी जास्त. त्यातला वरचा पारदर्शक थर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. डोक्याच्या बारीक केसाएवढा! आपली सगळी ऐट त्या केसाएवढ्या थरावर उभी असते.

म्हणून ओरखडा बघताना पहिली परीक्षा नखाची. गाडी धुवून, पुसून घ्यावी आणि ओरखड्यावरून नख आडवं हलकेच फिरवावं. नख कुठेही अडकलं नाही तर बहुतेक वेळा ओरखडा वरच्या पारदर्शक थरातच आहे. तो रबिंग-पॉलिशने जातो किंवा दिसेनासा होतो. कित्येकदा तर तो ओरखडा नसतोच. समोरच्याच्या गाडीचा किंवा भिंतीचा रंग आपल्या गाडीला लागलेला असतो. नख अडकलं, पण आत गाडीचाच रंग दिसतोय, तर रंगाची बारीक कुंचली पुरते, आणि दिसणं खटकत नसेल तर तसं ठेवलं तरी चालतं. पण आत करडं किंवा चकचकीत लोखंड दिसलं, तर मात्र थांबू नये. तिथून गंज धरतो आणि तो रंगाच्या खालून पसरतो. वरून फोड दिसायला लागेपर्यंत आत बरंच खाल्लेलं असतं. आपल्या खान्देशची हवा कोरडी, त्यामुळे जळगावात हे हळू होतं. तीच गाडी मुलाने मुंबईला नेली किंवा कोकणात समुद्राकाठी ठेवली तर खारी हवा तिला सवड देत नाही. लोखंड उघडं पडलं असेल तर निदान प्रायमरचा आणि टचअपचा थेंब लगेच लावून घ्यावा. रंगाचा क्रमांक गाडीवरच्याच पट्टीवर असतो, दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली. तो लिहून ठेवावा.

मोबाइलवर येणारे टूथपेस्टचे, बर्फाचे, केस वाळवायच्या यंत्राचे चमत्कार बघून हुरळून जाऊ नका. टूथपेस्टमधे बारीक घासणारी पूड असते. ती अगदी वरवरचा धूसरपणा घालवते, बस. खोबरेल तेल लावलं की चरा दोन दिवस दिसत नाही, तिसऱ्या दिवशी तिथे धूळ बसून तो दुप्पट दिसतो. प्लॅस्टिकच्या बंपरला मात्र ऊब दिली की पोचा कधीकधी खरंच बाहेर येतो. कारण प्लॅस्टिक उष्णतेने मऊ पडतं. पण तेही बेताने. उकळतं पाणी ओतून स्वतःचे हात भाजून घेऊ नका.

आता कारागिराबद्दल. माझा एक जुना विद्यार्थी धुळ्याला डेंटरचं काम करतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन हमरस्ते धुळ्यात एकमेकांना मिळतात, त्यामुळे गाड्या ठोकणं, वेल्डिंग करणं, रंगवणं हे धंदे इथे जुनेच. हा मुलगा वर्गात मागच्या बाकावर बसायचा. निबंध कधी पानभर लिहिला नाही. मागे धुळ्याला गेले तेव्हा भाच्याच्या गाडीच्या दाराला मोठा पोचा होता. भाच्याचा चेहरा पडलेला. याने दारावर नुसता तळहात फिरवला आणि म्हणाला, "काळजी करू नका बाई, निंघी जाई!"

मग तासभर त्याचं काम बघत बसले. आधी त्याने दाराच्या आतली गादी काढली. पोच्याच्या मधोमध हातोडी घालेल असं मला वाटलं होतं, पण त्याने कडेच्या घडीपासून सुरुवात केली. "मधे ठोकला तर पत्रा ताणला जातो बाई, मग तो डबडब वाजतो. जी घडी शेवटी पडली ती आधी काढायची." आतून लोखंडी ठोकळा, ज्याला ते डॉली म्हणतात, तो धरायचा आणि बाहेरून हलके ठोके. दर चार ठोक्यांनी फडक्यावरून तळहात फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळहाताला कळतो म्हणे. मग ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दारावर कसं पडतं ते बघायचं. दांडी सरळ दिसली तर पत्रा सरळ, दांडी वाकली तर अजून काम बाकी. आमच्या लहानपणीचा तांबट असाच हंडा उजेडाकडे धरून बघायचा. भूमिती याला मी शिकवली नव्हती, आणि शिकवणाऱ्या सरांना त्याने पेपरात काही दाखवलंही नव्हतं. पण पृष्ठभाग म्हणजे काय हे त्याच्याइतकं कळलेली माणसं मी थोडी बघितली आहेत. आपल्याकडे हाताच्या या बुद्धीला गुण नाहीत. ती गुणपत्रिकेत कुठल्या रकान्यात लिहायची?

पत्रा सरळ झाल्यावर जे बारीक खड्डे राहतात ते भरायला लांबी लावतात, गॅरेजमधे तिला पुटिंग म्हणतात. आणि इथेच चांगला कारागीर आणि वाईट कारागीर वेगळे होतात. चांगला कारागीर पत्रा जेवढा निघेल तेवढा काढतो आणि लांबीचा पातळ हात देतो, दोन-तीन मिलिमीटरच्या आत. वाईट कारागीर पोचा तसाच ठेवतो आणि बोटभर लांबी भरून वरून रंग मारतो. दिसायला दोन्ही सारखंच. पण आपल्या मे महिन्यात, जेव्हा जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो आणि उन्हातल्या पत्र्याला हात लावता येत नाही, तेव्हा ती जाड लांबी भेगाळते. जुनी गाडी घ्यायची असेल तर फ्रीजवरचं साधं चुंबक मऊ कापडात गुंडाळून पत्र्याला लावून बघा. लोखंडी पत्र्यावर जिथे ते धरत नाही, तिथे खाली लांबीचा थर आहे. बंपर प्लॅस्टिकचा, तिथे ही परीक्षा चालणार नाही, हे लक्षात ठेवा.

मग पुन्हा पॉलिश पेपर, प्रायमर, परत पाणी लावून घासणं, रंग, लॅकर. मेटॅलिक रंग असेल तर त्यात ॲल्युमिनियमचे अतिशय बारीक कण असतात. ते कसे बसतात त्यावर रंगाची छटा बदलते, म्हणून क्रमांक तोच असूनही नवा भाग वेगळा दिसू शकतो. त्यातून आपली गाडी पाच-सात उन्हाळे खाल्लेली. म्हणून हुशार पेंटर छटा उन्हात नेऊन बघतो आणि शेजारच्या भागावर रंग विरळ करत नेतो. "दोन दिवसांनी या" म्हणाला तर घाई करू नका. घाईतला रंग आणि घाईतलं लग्न, दोन्हींचे पोपडे लवकर निघतात!

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. कारखान्यातला रंग साधारण १४० अंश उष्णतेच्या भट्टीत भाजलेला असतो, खालचा गंजरोधक थर तर त्याहूनही जास्त. गाडी पूर्ण तयार झाल्यावर ते शक्य नाही, आतलं प्लॅस्टिक आणि वायरी वितळतील. दुरुस्तीच्या बूथमधे साठेक अंशांवर वेगळ्या प्रकारचा रंग वाळवतात. तो चांगला असतो, पण मूळचा तो मूळचाच. म्हणून रंग न फुटलेला लहान पोचा असेल तर रंगाला हात न लावता, आतून लांब सळया घालून तो हळूहळू बाहेर ढकलायची पद्धत आहे. पेंटलेस डेंट रिपेअर म्हणतात. गारांच्या पोच्यांना ती विशेष उपयोगी. तशी सोय जवळपास असेल तर रंगवण्याआधी तिथे विचारावं. नसेल आणि रंग शाबूत असेल, तर माझा सरळ सल्ला असा की पोचा राहू द्या. मूळ रंग खरवडून काढण्यापेक्षा पोचा बरा.

गारांवरून आठवलं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधे राज्यात केवढी गारपीट झाली! उभा गहू आडवा झाला, फळबागा झोडपल्या गेल्या. आमच्या गाडीच्या टपावर किती पोचे पडले हे त्या दिवसांत मोजणारा माणूस भेटला की मला काय बोलावं सुचत नसे. पत्रा ठोकून सरळ होतो. झोपलेला गहू कुठल्या डेंटरने उभा करावा?

विम्याचंही सांगते, कारण "इन्शुरन्स आहे ना, क्लेम करून टाका" हे वाक्य दर लग्नात ऐकू येतं. हिशेब मांडून बघा. समजा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा तुमचा मूळ हप्ता ८,००० रुपये आहे आणि पाच वर्षं क्लेम न केल्यामुळे ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो, म्हणजे तुम्ही ४,००० भरता. दोन भाग रंगवायचं बिल आलं ६,०००. साध्या पॉलिसीत रंगाच्या सामानाची निम्मी घट धरतात आणि सामान म्हणजे रंगकामाच्या बिलाचा चौथा भाग मानतात. म्हणजे ७५० गेले. लहान गाडीला १,००० रुपये आपण सोसायचेच असतात. हातात आले ४,२५०. आता पुढची वर्षं बघा. बोनस शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ असं करत ५० वर चढावं लागतं. पुढच्या वर्षी ४,००० जास्त, मग २,४००, मग २,०००, मग १,२००, मग ४००. बेरीज १०,००० रुपये! गाडीची किंमत दरवर्षी घटते म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी येईल, आणि बोनस सांभाळणारी किंवा घट न धरणारी जोडपॉलिसी घेतली असेल तर गणित वेगळं. पण लहान ओरखड्यासाठी क्लेम करण्याआधी कागद-पेन घेऊन बसावं, एवढंच म्हणणं. विमा मोठ्या संकटासाठी असतो.

मोठ्या वर्कशॉपमधे आणखी एक अनुभव येतो. दार ठोकून निघण्यासारखं असलं तरी "दार बदलावं लागेल" असं सांगतात. आमच्या ओळखीत असं एकदा झालं आणि तेच दार दुसरीकडे एका दिवसात सरळ झालं. सगळे लबाड असतात असं मी म्हणणार नाही. तासाचे दर, हाताशी असलेली माणसं, काम झाल्यावरची हमी हे सगळं बघता त्यांना बदलणं सोपं पडतं. आणि काही वेळा बदलणंच योग्य असतं. दाराच्या आतला आडवा दांडा वाकला असेल, खांबाला मार असेल, दार नीट लागत नसेल, तर तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे, तिथे काटकसर नको. काही नव्या गाड्यांच्या बंपरमागे रडार बसवलेलं असतं. तिथे लांबीचा किंवा रंगाचा जाड थर दिला तर ते नीट चालत नाही, म्हणून कंपनीच्या माणसाला विचारूनच हात लावावा. पण नुसता दिसण्याचा प्रश्न असेल तर "ठोकून निघेल का?" हे विचारायला लाजू नका. आपण हा प्रश्न विचारणं सोडलं की ठोकणारे हात संपतील. माझ्या विद्यार्थ्याच्या हाताखाली दोन मुलं होती. एक मोबाइल दुकानात गेला, दुसरा सुरतेला. आय.टी.आय.मधे गाडीच्या बॉडीदुरुस्तीचा आणि रंगकामाचा स्वतंत्र अभ्यासक्रम असतो, हे किती पालकांना माहीत आहे? मुलाला तिकडे पाठवायचं म्हटलं की लगेच नाक मुरडतात.

आणि पाठवावं तरी कशाच्या भरवशावर, असंही मनात येतं. कारण रंगकाम करणाऱ्यांची छाती. आजच्या गाडीच्या रंगात आणि लॅकरमधे जो हार्डनर मिसळतात त्यात आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. स्प्रे मारताना ती श्वासातून आत गेली तर कायमचा दमा जडू शकतो. एकदा जडला की पुढे थोडासा वासही सोसत नाही, धंदाच सोडावा लागतो. तोंडाला रुमाल बांधून याला काही अडत नाही. त्याला काडतुसाचा नीट बसणारा मुखवटा लागतो, आणि खरं तर बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा. आपण काय करतो? त्याच माणसाशी पाचशे रुपयांसाठी घासाघीस करतो. मुखवट्याचे पैसे तो कुठून काढणार? मी तर म्हणते, भाव करताना शंभर-दोनशे सोडा आणि बदल्यात त्याला विचारा, "भाऊ, मास्क कुठाय तुमचा?" दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर अकराव्याच्या वेळी तो घातलेला असेल. खंडेनवमीला हे लोक हातोडी, स्प्रे गन, कॉम्प्रेसर यांना झेंडू वाहतात. फुप्फुस हेही हत्यारच आहे, त्याची पूजा कधी?

आता रस्त्यावरच्या भांडणाकडे येते. जळगावला फुले मार्केटच्या गर्दीत एका केळीवाल्याच्या लोटगाडीचा कोपरा एका नव्या गाडीच्या दाराला घासला. गाडीवाला उतरला तो थेट त्याची गचांडी धरूनच. पाच हजार टाक म्हणाला. पाच हजार! अख्ख्या लोटगाडीवरची केळी विकून तेवढे होणार नाहीत. केळीवाल्याचा दहा-बारा वर्षांचा मुलगा बाजूला उभा होता. गर्दी जमली, आणि गर्दी नेहमी करते तेच तिने केलं, बघत राहिली. गाडीवाल्याने त्याचा वजनकाटा उचलून गाडीत टाकला. मग एका रिक्षावाल्याने पुढे होऊन ओल्या फडक्याने तो डाग पुसला. निम्मा डाग पुसून गेला, कारण तो लोटगाडीचाच निळा रंग होता. उरलेलं पॉलिशने जाण्यासारखं होतं. काटा परत मिळाला. पण पोरादेखत बापाची गचांडी धरली गेली होती. ती कुठल्या पॉलिशने पुसायची?

मला विचाराल तर गाडीवाल्याचा राग खोटा नव्हता. हप्ते भरून गाडी घेतलेली असते. नुकसान झालं तर भरपाई मागण्याचा हक्क आहेच. पण आधी नुकसान किती हे बघा. उतरल्यावर पहिलं काम हाताने नव्हे, फडक्याने करा. नख फिरवा. ज्याच्याकडून मागता त्याची दिवसाची कमाई किती याचा अंदाज घ्या. वर सांगितलेलं सगळं नखाचं नि थरांचं शास्त्र मी लिहिलं ते बरंचसं यासाठीच. माहिती असली की राग थोडा उशिरा येतो, आणि तेवढ्या उशिरात माणूस शहाणा होऊ शकतो.

आणि शेवटचं, घरातलं. हे आमच्याच नातलगांपैकी काहींना टोचेल, टोचू दे. मुलाच्या हातून गाडी घासली तर "गर्दीच केवढी असते" असं म्हणतात. सुनेच्या हातून तेवढीच घासली तर "तरी मी म्हणत होतो" असं म्हणतात आणि किल्ली कपाटात जाते. एम.एच. १९ असो की एम.एच. १८, हा नियम सगळीकडे सारखाच लागू! माझ्या माहितीतल्या तीन मुलींनी गाडी शिकून, परवाना काढून, पहिल्या ओरखड्यानंतर चालवणं सोडलं. फाटकाच्या खांबाला लागलेला वीतभर ओरखडा. दुरुस्तीला हजार-दोन हजार लागले असतील. पण त्या दिवसापासून मुलाला दवाखान्यात न्यायचं तर नवऱ्याची वाट बघणं, माहेरी जायचं तर दिराला विचारणं, संध्याकाळच्या कार्यक्रमाला जायचंच नाही. दोन हजारांचा ओरखडा आणि सगळ्या आयुष्याचं परावलंबन, हा हिशेब विम्याच्या हिशेबापेक्षाही वाईट आहे. आमच्या वयाच्या पुरुषांचंही हेच होतं. साठी-सत्तरीनंतर बंपरवर एक रेघ दिसली की मुलं म्हणतात, "बाबा, आता पुरे." नजर, प्रतिसाद खरंच मंदावले असतील तर डॉक्टरांकडून तपासून ठरवा, आणि मग जरूर थांबवा. पण रेघेवरून ठरवू नका. रेघ काय, पार्किंगमधे उभ्या गाडीलाही कुणी मारून जातं.

असो! थोडी काळजी घेतली तर निम्मे ओरखडे येतच नाहीत. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ फार. सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकणं म्हणजे तीच धूळ रंगावर घासणं. आधी पाणी ओतावं, मग पुसावं. दोन बादल्यांत होतं. पक्ष्यांची घाण उन्हात सुकू देऊ नये, ती वरच्या थराला खाते. आणि रबिंग सारखं सारखं करू नये, दर वेळी त्या केसाएवढ्या थरातलं थोडं जातं.

एवढं करूनही पोचा पडेलच. वापरातली वस्तू आहे. पत्र्याला मार असेल तर कारागिराकडे न्या, लोखंड दिसत असेल तर या आठवड्यातच न्या, आणि नुसतंच दिसायला वाईट असेल तर राहू द्या. आणि ज्या कुणाच्या हातून तो पडला असेल, मग ती सून असो की मुलगा की बाबा, त्याच्या हातात दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली पुन्हा द्या.